अडुळसा: फांदीपासून चमच्यापर्यंत

अडुळसा लावणं अगदी सोपं. खोचलेली फांदी पावसाळ्यात फुटते, शेळ्या तिच्याकडे बघत नाहीत आणि कीड फारशी येत नाही. अवघड आहे ते पुढचं, म्हणजे पानातून रस काढणं. ताजी पानं मिक्सरमध्ये फिरवली की हिरवा लगदा होतो. तो फडक्यात घालून पिळला तर मनगट दुखतं आणि वाटीच्या तळाशी चार थेंब जमतात. मग माणूस त्यात पाणी घालतो, ते हिरवं पाणी पितो आणि म्हणतो, "काही गुण आला नाही बुवा." म्हणून या लेखात लागवडीइतकीच जागा रस, काढा आणि अवलेह (साखरेच्या पाकातलं चाटण) यांना दिली आहे.

आधी ओळख पटवा

अडुळशाचं शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. लिनियसने ते १७५३ साली दिलं. त्यातलं 'अधाटोडा' तमिळमधून आलेलं आहे. आडु म्हणजे शेळी, आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही ते हे झाड. शेताच्या बांधावर कुंपणाला अडुळसा का दिसतो, ते या नावातच आलं.

झुडूप सदाहरित, साधारण माणसाच्या उंचीचं. पानं समोरासमोर जोडीने येतात, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. पेरं किंचित फुगलेली असतात. पान चोळलं की उग्र वास येतो आणि कडा चावून पाहिली तर कडूपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. फुलं थंडीत येतात, ती होळीच्या आसपासपर्यंत टिकतात. पांढरी, दोन ओठांची, खालच्या ओठावर जांभळट रेघा. फूल बाजूने पाहिलं तर जबडा उघडलेल्या प्राण्यासारखं दिसतं. संस्कृतात अडुळशाला वासा, वृष यांच्याबरोबर 'सिंहास्य', म्हणजे सिंहाच्या तोंडाचा, असंही नाव आहे ते त्यामुळे.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. नर्सरीत 'काळा अडुळसा' नावाचं दुसरंच रोप मिळतं. त्याची पानं अरुंद, गडद आणि खोडावर जांभळी झाक. तो याच कुळातला असला तरी वेगळा आहे, खोकल्यासाठी तो आणू नका. दुसरा घोटाळा सुक्या पानांचा. महारुखाला गुजरातीत 'अरडुसो' म्हणतात, त्यामुळे नावाच्या सारखेपणावरून त्याचा पाला अडुळसा म्हणून गळ्यात पडू शकतो. महारुखाचं पान संयुक्त असतं, एका लांब देठावर पुष्कळ पर्णिका, आणि प्रत्येक पर्णिकेची कड दातेरी. अडुळशाचं पान एकेकटं, कड सरळ. चुरा झाल्यावर मात्र हा फरक ओळखता येत नाही, म्हणून विकत घ्यायचीच वेळ आली तर अख्खी वाळकी पानं घ्या.

फांदी लावणे

बियांच्या भानगडीत पडू नका. फळं कमी धरतात आणि छाटापासून तयार होणारं रोप कितीतरी लवकर हाताशी येतं. उत्तम वेळ जून-जुलै. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चही चालतो.

फांदी गेल्या वर्षीची निवडा, पेन्सिलीएवढी जाड, साल हिरवट-करडी झालेली. शेंड्याची कोवळी फांदी कुजते आणि बुंध्याजवळची जून फांदी मुळं धरायला फार वेळ लावते. १५ ते २० सेंटीमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप पेऱ्याच्या बोटभर वर, सरळ. तिरका-सरळ करण्याचा साधा फायदा असा की छाट उलटा खोचला जात नाही. पानं काढून टाका. वरची एक जोडी ठेवायची असेल तर ती निम्मी कापा, नाहीतर मुळं नसलेल्या काडीतलं पाणी पानांवाटे उडून जातं.

पाच बाय सात इंचांची काळी पिशवी घ्या, तळाला भोकं पाडलेली. त्यात दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. कोकणात समुद्राची वाळू जवळ असते म्हणून ती भरण्याचा मोह होतो. तिच्यातलं मीठ छाट मारतं, तेव्हा नदीची वाळू नाहीतर विटांचा बारीक चुरा वापरा. निम्मा छाट, म्हणजे दोन पेरं, मातीत जाईल असा खोचा आणि भोवतालची माती अंगठ्याने दाबून बसवा. सैल मातीत काडीभोवती हवा राहते आणि मूळ फुटत नाही. पिशव्या झाडाखाली किंवा शेडनेटमध्ये ठेवा. माती ओलसर राहील एवढंच पाणी.

दोन आठवड्यांत पेऱ्यातून हिरवे कोंब दिसतात आणि इथेच बहुतेक नवशिके घाई करतात. हे कोंब काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेले असतात, खाली मुळं आलेलीच असतील असं नाही. अशा वेळी पिशवी फाडून रोप जमिनीत लावलं की आठ दिवसांत ते माना टाकतं. सहा ते आठ आठवडे थांबा. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की मगच हलवा. "रुजलंय का बघू" म्हणून काडी हलवून पाहण्याचा तर विचारसुद्धा नको. तेवढ्याने कोवळी मुळं तुटतात.

दहा छाट लावले तर दहाही जगतील असं धरू नका. हवीत त्याच्या दुप्पट लावा, उरलेली रोपं शेजारी-पाजारी खपतात.

जागा, पाणी, छाटणी

जमिनीत लावायचं तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि निघालेल्या मातीत घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळून तो भरा. दोन झुडपांत तीन फूट अंतर, कुंपण करायचं असेल तर दीड फूट. अडुळसा मातीबद्दल कुरकुर करत नाही, तुंबलेलं पाणी मात्र त्याला खपत नाही. काळ्या भारी जमिनीत वरंब्यावर लावा. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर वीतभरच असेल तर खड्ड्याऐवजी दगडांचं आळं करून वरून माती भरा.

ऊन निदान चार-पाच तास हवं. दाट सावलीतही झाड जगतं, पण पानं पातळ आणि विरळ येतात. गॅलरीत लावायचं असेल तर १५ इंची कुंडी किंवा ग्रो-बॅग घ्या, त्याहून लहान नको. उन्हाळ्यात कुंडीला एक-दोन दिवसांआड पाणी लागतं, जमिनीतल्या वाढलेल्या झुडपाला आठवड्यातून एकदा पुरतं. खत वर्षातून दोनदा, दोन-तीन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत. युरिया घालू नका. त्याने पालेदार, लुसलुशीत वाढ होते आणि मावा नेमका तिथेच येतो.

खालची एखाद-दुसरी पानं पिवळी पडून गळणं नेहमीचं आहे. पण एकदम सगळंच झाड पिवळं पडायला लागलं तर आधी कुंडीचं भोक तपासा. बहुतेक वेळा ते मुळांनी किंवा मातीने बुजलेलं असतं. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि लिटरभर पाण्यात चमचाभर साबणाचं द्रावण मिसळून फवारा. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने झाड धुवा. पान पोटात जाणार आहे, तेव्हा रासायनिक कीटकनाशक इथे नकोच. याच कारणासाठी फवारणीच्या बागेचं कुंपण असलेला अडुळसा औषधाला घेऊ नये. नाशिककडे द्राक्षबागेच्या बांधावर तो कितीही टवटवीत दिसो, बागेवरच्या फवाऱ्याचा तुषार त्याच्यावरही पडलेला असतो. हमरस्त्याच्या कडेचाही नको.

रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतील. नाहीतर ते काठीसारखं उंच होतं आणि पानं हाताला लागत नाहीत. पुढे दरवर्षी फुलं संपली की सगळं झुडूप जमिनीपासून दीड फुटावर छाटा. निर्दय वाटतं खरं, पण पाणी दिल्यावर ते भराभर फुटतं. छाटलेल्या फांद्यांमधूनच पुढचे छाट मिळतात.

पानं कधी आणि किती

पहिलं वर्ष झाडाला हात लावू नका. त्यानंतर शेंड्याच्या दोन कोवळ्या जोड्या सोडून तिसऱ्या जोडीपासून खालची, पूर्ण वाढलेली गडद हिरवी पानं घ्या. पिवळी, डागाळलेली, जाळी झालेली नकोत. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नका.

आता हिशेब. मध्यम आकाराची पन्नास-साठ पानं म्हणजे साधारण १०० ग्रॅम. त्यातून नीट पद्धतीने रस काढला तरी पाच-सहा चमचे हाती लागले तर नशीब. एका माणसाला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चमचाभर द्यायचा तर एवढी पानं लागतातच. म्हणजे कुंडीतल्या एका झाडावर रसाचा हिशेब बसत नाही, काढ्याचा बसतो. रस आणि अवलेह हवा असेल तर जमिनीत दोन-तीन झुडपं पाहिजेत.

सुकवायची असतील तर थंडीत तोडा. पावसाळ्यात तोडलेली पानं सुकण्याआधी बुरसतात. धुऊन पाणी निथळू द्या, देठ काढा आणि सुती कापडावर एकेरी थरात सावलीत पसरा. देठात ओल सर्वांत शेवटपर्यंत राहते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. रोज एकदा वरखाली करा. सात-आठ दिवसांनी पान वाकवल्यावर लवायच्या ऐवजी कडकन मोडलं की बरणीत भरा. भरल्यावर दोन-तीन दिवसांनी बरणीच्या आतून दमटपणा दिसला तर परत पसरा. सुकलेल्या पानांचा हिरवा रंग मळकट होतो, त्यात काही बिघडलं नाही. काळी पडली किंवा कुबट वास आला तर फेकून द्या.

कोणाला द्यायचा, कोणाला नाही

अडुळसा ओल्या खोकल्याचं औषध आहे. छातीत कफ चिकटून बसलाय, खोकून खोकून सुटत नाही, अशा वेळी तो कफ पातळ करून सुटायला मदत करतो. यामागे पानातलं व्हासिसीन नावाचं कडू अल्कलॉइड आहे. खोकल्याच्या सिरपमध्ये असतं ते ब्रोमहेक्सिन हे औषध व्हासिसीनवरूनच घडवलेलं आणि अॅम्ब्रॉक्सॉल त्या ब्रोमहेक्सिनचंच पुढचं रूप. म्हणजे डॉक्टरांनी असं सिरप दिलेलं असताना वरून अडुळशाचा रस घेणं हे दोन्हीकडून एकच काम करणं झालं. त्यांना विचारा, नाहीतर एकावर थांबा.

घशाला नुसती खवखव आणि कोरडी ढास असेल तर अडुळशाने फारसं काही साधत नाही. तिथे कोमट पाण्याच्या गुळण्या आणि ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणं बरं (रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध जपून).

गरोदर बाईला अडुळसा कोणत्याही रूपात देऊ नका. व्हासिसीनने गर्भाशयाचं आकुंचन होतं. "घरचंच आहे, चमचाभराने काय होतंय" हे इथे चालत नाही. अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांना वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही चाटवू नये. मधुमेह असेल तर मध आणि साखरेचा हिशेब धरा.

प्रमाण वाढवलं की गुण वाढतो असं नाही. जास्त झाला तर मळमळ, उलटी, जुलाब होतात. तीन ते पाच दिवस घ्या आणि थांबा. 'प्रतिकारशक्ती'साठी बारा महिने रोज पिण्याची ही गोष्ट नव्हे.

दम्याच्या माणसाने पंप बाजूला ठेवून अडुळसा घेऊ नये. पूर्वी दम्यासाठी वाळक्या पानांची विडी ओढत असत. तो प्रकार करूच नका, धूर तो धूरच. धाप लागते, छातीत दुखतं, ताप उतरत नाही, थुंकीतून रक्त पडतंय, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेलाय, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बंद आणि दवाखाना गाठा. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

काढा

सुरुवात काढ्यापासून करा, त्यात चुकण्यासारखं कमी आहे. आठ-दहा ताजी पानं धुऊन, हाताने तोडून, स्टीलच्या पातेल्यात दोन कप (३०० मिली) पाण्यात घाला. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाव भाग म्हणजे सुमारे ७५ मिली उरेपर्यंत उकळा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. झाकण ठेवलं तर वाफ परत खाली पडते, पाणी आटत नाही आणि जे उरतं तो काढा नसून कडवट पाणी असतं. अडुळशाचा गुण सुगंधात नाही, त्यामुळे उकळीबरोबर तो उडून जाण्याची भीती नाही. तुळस किंवा गवती चहा घालायचा असेल तर मात्र तो शेवटी, गॅस बंद करून, पाच मिनिटं झाकण ठेवून.

वाळकी पानं असतील तर १० ग्रॅम जाडसर चुऱ्याला १६० मिली पाणी, आटवून ४० मिली. दोन्ही प्रकारांत गाळलेल्या काढ्याचे दोन भाग करा, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर कोमट घ्या. रोजचा काढा रोज. आदल्या दिवशीचा परत उकळून घ्यायचा नाही.

रस

कच्चं पान पिळून रस का येत नाही? पान जाडसर आणि चिवट आहे, नुसत्या कुटण्याने त्यातलं पाणी सुटत नाही. उष्णता लागली की पान मऊ पडतं आणि तोच लगदा पाणी सोडतो. जुन्या वैद्यांनी यावर पुटपाक शोधला. पानं वाटून गोळा करायचा, तो जांभळीच्या किंवा वडाच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वर दोन बोटं जाड मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात माती लालसर होईपर्यंत भाजायचा. मग फोडून, आतला गोळा गरम असतानाच पिळायचा.

फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? मोदकपात्र चालतं. १०० ग्रॅम पानं धुऊन, कोरडी पुसून जाळीवर पसरा आणि १०-१२ मिनिटं वाफवा. पानांचा तजेलदार हिरवा रंग जाऊन ती शेवाळी आणि लुळी पडली की काढा. गरम आहेत तोवर खलबत्त्यात कुटा, पाणी अजिबात घालू नका, आणि धुवट मलमलीच्या फडक्यात घालून पीळ देत पिळा. हिरवट-तपकिरी, किंचित दाट रस येतो. गार झाल्यावर पिळायला गेलात तर निम्माच निघतो. पानं पुसली नाहीत तर वाफेचं आणि धुतलेलं पाणी रसात उतरतं, मग तो भरपूर दिसतो पण पातळ असतो.

आयुर्वेदात मोठ्या माणसाची मात्रा १० ते २० मिली सांगतात. घरी सुरुवात एका चमच्याने (५ मिली) करा, तेवढाच मध मिसळून, दिवसातून दोनदा. पोटाला मानवला तर दुसऱ्या दिवशी दोन चमचे, त्यापुढे वैद्याच्या सल्ल्याने. मध रस गार झाल्यावरच घाला. रस फ्रीजमध्येही एका दिवसापलीकडे ठेवू नका, आंबतो.

अवलेह

वासावलेहाचं पारंपरिक प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. रस आठ भाग, खडीसाखर चार, तूप एक, पिंपळीची पूड एक आणि मध चार. म्हणजे १०० मिली रसाला ५० ग्रॅम खडीसाखर, १२ ग्रॅम तूप, १२ ग्रॅम पिंपळी, ५० ग्रॅम मध. एवढ्या रसासाठी चारशे ग्रॅमच्या आसपास पानं लागतील, हे आधीच धरून चाला.

रस आणि कुटलेली खडीसाखर जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. साखर विरघळून पाक दाटायला लागला की तूप घाला, मग वस्त्रगाळ पिंपळी थोडी थोडी भुरभुरत ढवळा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि नेमकी तीच गुठळी तोंडात आली की ठसका लागतो. पाक झाला का हे पाहायला वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाका. पसरला तर कच्चा आहे. तळाशी जाऊन तसाच बसला आणि बोटाने दाबल्यावर ठसा उमटला की लगेच खाली उतरवा. आणखी दोन मिनिटं राहिला तर गार झाल्यावर चिक्कीसारखा कडक होतो, आणि कच्चा उतरवला तर आठवड्यात वर बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावर मध मिसळा.

मात्रा अर्धा ते एक चमचा, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर. बरणी काचेची, उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवलेली. वर नाव आणि तारीख लिहा, चमचा कोरडा वापरा, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा.

आणि हो, मोदकपात्र तसंच फडताळात ठेवू नका. जाळीच्या भोकांत कडूपणा चिकटून राहतो. खाण्याचा सोडा घातलेलं पाणी त्यात उकळा, घासून घ्या आणि नुसत्या पाण्याची एक वाफ देऊन जाळी जिभेला लावून पाहा. कडू लागली तर परत धुवा, नाहीतर चतुर्थीला पहिलाच मोदक अडुळशाचा निघेल.